दरवर्षीचा संशयित

यामिनीबाई जाधव गेली अकरा वर्षं इंदूरच्या आपल्या कॉलनीतल्या गणेशोत्सवासाठी रहस्यनाटक लिहितात आणि त्या प्रत्येक नाटकात एक माणूस विनाकारण असतो. कधी छत्रीवाला, कधी कुलपं दुरुस्त करणारा, कधी नुसताच खिडकीखाली घुटमळणारा. खुनाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पण बाई त्याच्या बाहीला डाग लावतात, त्याला उगाच हात पुसायला लावतात, प्रश्न विचारला की त त प प करायला लावतात. ही भूमिका त्यांचे यजमान हरीभाऊ करतात. दरवर्षी ते शेवटी निर्दोष ठरतात आणि तरी पुढच्या वर्षी लोक पुन्हा त्यांच्यावरच बोट ठेवतात. खोटा माग माणसाला किती गोड लागतो, हे बाईंना पक्कं ठाऊक!

यंदा सांस्कृतिक समितीवर परेश आला. नोकरीसाठी पुण्याहून आलेला, हुशार आणि कायम घाईत. वेळ चाळीस मिनिटांची, म्हणून त्याने संहितेवर लाल पेन चालवलं आणि छत्रीवाला अख्खाच उडवला.

"काकू, याची गरजच नाही. काढला तरी खून तसाच होतो."

"खून होतो रे भिया, पण मग फसायचं कुणी?"

"त्याला काढा, नाहीतर समिती दुसरं नाटक बसवेल."

"तर बसव ना! माझं होईल तर छत्रीवाल्यासकट. नहीं तो रहने दो."

घरी हरीभाऊंनीच समजूत घालायचा प्रयत्न केला. "जाऊ दे ना, इतनी जिद क्यों? मी बसेन खाली, लोकांत."

"बसायचं नाही," बाई कडाडल्या. "एकदा गप्प बसलात, तेवढं पुरे झालं."

पूर्वी हरीभाऊ पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथवर होते. एका संकष्टीला तिथले यंत्रांत बसवायचे पितळी बुश गायब झाले. त्याच दुपारी हरीभाऊ मागच्या दाराने हळूच बाहेर गेलेले आणि हात पुसत परत आलेले कुणीतरी पाहिले. कुठे गेला होतात, विचारलं तर चाचरले. गेले होते कचोरी खायला! घरी बायको उपाशी, कारखान्यातले मराठी सोबती त्यांच्या कडक उपासाचं कौतुक करणारे. उपास मोडला हे सांगायची लाज वाटली आणि हा भला माणूस चोरीचा आळ घेऊन गप्प उभा राहिला. नोकरी गेली. दोन महिन्यांनी खरा चोर सापडला, पण हरीभाऊंना ना कुणी परत बोलावलं, ना कुणी माफी मागितली. कचोरीचं कळल्यावर यामिनीबाई आधी उपासावरून भांडल्या, मग खूप रडल्या.

तेव्हापासून त्यांचा हट्ट एकच. वर्षातून एकदा तीनशे माणसांनी हरीभाऊंना गुन्हेगार समजावं आणि तीनशेच्या तीनशे जणांना, सगळ्यांसमोर, आपण चुकलो हे कळावं.

परेशने दुसरं नाटक आणलंही, पण कॉलनीतले नट बाईंच्या हाताखाली तयार झालेले. एकही जण हलेना. शेवटी वैतागून त्याने छत्रीवाला ठेवला आणि प्रयोगाला संहिता घेऊन स्वतः विंगेत प्रॉम्प्टिंगला उभा राहिला.

हरीभाऊ आले. ओली छत्री, खाली घातलेली मान, धोतराला पुसलेले हात. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हाच आहे! पकडा याला!" शिट्ट्या झाल्या. बायकासुद्धा माना डोलावू लागल्या. मग इन्स्पेक्टर झालेल्या शैलजाने भलत्याचंच नाव घेतलं. मघाशी ओरडणारे एकमेकांकडे बघू लागले आणि टाळ्या सुरू झाल्या.

संहितेप्रमाणे छत्रीवाल्याने आता निघून जायचं होतं. हरीभाऊ गेले नाहीत. मान वर करून ते एकेका रांगेकडे बघत राहिले. टाळ्या थांबेपर्यंत हलले नाहीत.

विंगेत परेश हळूच म्हणाला, "काकू, संहिता माझ्या हातात आहे. तरी मघाशी वाटलं, यांनीच केलंय."

"वाटणारच," यामिनीबाई म्हणाल्या. "कारखान्यातही सगळ्यांना वाटलं होतं. तू निदान कबूल तरी केलंस."