चौदावी टाचणी

"चौदा वेळा," असं म्हणून ती आधी दहा बोटं दाखवायची, मग चार. समोरच्याला ऐकायचंय की नाही, हे ती बघत नसे. "चौदा वेळा आमचं बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे, इंग्रजांकडून फ्रेंचांकडे गेलं. आम्हाला कुणी विचारलं?"

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या आमच्या ऑफिसात ती माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. साठी उलटलेली, वेस्ट इंडिजमधल्या सेंट लुशियाची. दोन टोकदार डोंगर, गंधकाच्या वासाचा एक ज्वालामुखी आणि चहूकडे समुद्र, एवढंच तिचं बेट. तिथे आधी गुलामांकडून पिकवलेला ऊस होता, मग केळी आली. तिच्या वडिलांची उतारावर केळीची बाग होती. लांबच्या मोठ्या देशांनी व्यापाराचे नियम बदलले आणि बाग बुडाली. आता बहीण हॉटेलात पर्यटकांच्या चादरी बदलते. ऑफिसच्या फळांच्या टोपलीतलं केळं तिने कधी उचललं नाही. कुणी आग्रह केलाच, तर ती त्याच्याकडे अशी बघायची की तो मुकाट्याने स्वतःच खायचा.

मग साहेबाने भिंतभर जगाचा नकाशा लावला. प्रत्येकाने आपल्या गावावर टाचणी टोचायची. तिचं बेट नकाशात नव्हतंच. तिने निळ्या समुद्रात अचूक जागी टाचणी टोचली. साहेबाने ती उपटून जमैकावर लावली. "अहो, शेजारीच तर आहे!" माझी सांगलीची टाचणी त्याने मुंबईवर सरकवली. "चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

दुपारी तिने मला कॉफी मशीनपाशी गाठलं. "चालेल कशाला म्हणालीस, मुली? इथून रोम जितकं लांब, त्याच्या दुप्पट लांब माझ्या घरापासून जमैका आहे. याला मी सोडणार नाही. चौदा वेळा!"

पुढच्या सोमवारी साहेबाचं गाव, म्हणजे त्याची टाचणी, फ्रान्समध्ये सापडलं. त्याने चरफडत ते जागेवर आणलं. पुढच्या महिन्यात ते इंग्लंडमध्ये गेलं, मग पुन्हा फ्रान्समध्ये. साहेबाने 'नकाशाला हात लावू नये' अशी पाटी लावली, शिस्तीवर भाषण दिलं. ती मान डोलवत "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होती. मी दारात पहारा द्यायचे आणि, खोटं कशाला बोलू, मला फार सुख वाटायचं. तुम्हीही असा एखादा साहेब पाहिला असेलच.

तेरा वेळा झालं आणि तिची निवृत्ती आली. निरोपाला साहेबाने केक मागवला. त्यावर जमैकाचा झेंडा होता.

तिने झेंड्यावरून मधोमध सुरी फिरवली, सगळ्यांना केक वाढला, स्वतः खाल्ला नाही. जाताना जमैकावरची आपली टाचणी काढून कॉलरला खोचली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "चौदावी तुझी."

ती बेटावर परत गेली. समोरचं टेबल रिकामं आहे. मला तिची फार आठवण येते आणि साहेबाचा राग त्याहून जास्त येतो.

काल भर मीटिंगमध्ये मी उठले. साहेबाच्या गावाची टाचणी उपटली आणि सगळ्यांदेखत जमैकावर, तिच्या टाचणीच्या भोकातच, टोचली.

"हे काय?" साहेब ओरडला.

"शेजारीच तर आहे," मी म्हटलं. "चालेल ना?"