सहाण ओली कुणी केली?

"हिला बद्धकोष्ठ झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही गुंगीत आहे. घरात हिला झोपेचं काय देताय?"

त्या शनिवारी सकाळी पनवेलच्या एका मुलांच्या दवाखान्यात आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. मी, माझा नवरा प्रसाद आणि माझ्या सासूबाई. टेबलावर अडीच महिन्यांची रेवा पडली होती. डॉक्टरांनी तिच्या तळपायावर टिचकी मारली. तिने पाय थोडासा आखडला, डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. एरवी त्या टिचकीवर तिने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला असता.

केसपेपरवर त्यांनी 'लेथार्जी' असा शब्द लिहिला. लेथार्जी म्हणजे नुसती झोप नव्हे. हलवलं, कपडे काढले, टिचकी मारली तरी बाळ पुरतं जागं होत नाही, ती ग्लानी. हा शब्द मला त्याआधी माहीत नव्हता. तुम्हाला माहीत असावा, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

सुरुवात शीपासून झाली. नवीन आईचं आयुष्य शीभोवतीच फिरतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या महिन्यात रेवा दिवसातून सहा-सात वेळा करायची. मोहरीच्या चटणीसारखी, पिवळी, पातळ. मी एक वही केली होती. वेळ, दूध, सू, शी असे चार रकाने. प्रसाद पुण्यात नोकरीला, घरी शनिवार-रविवारच. सासूबाई नेऱ्याकडच्या गावातून माझ्या मदतीला आल्या होत्या. माझी आई जाऊन चार वर्षं झाली, म्हणून माहेरच्या बाळंतपणाचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंना मी लग्नापासून मम्मी म्हणते. आई हा शब्द मी कुणाला द्यायला तयार नव्हते, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

सहाव्या आठवड्यात रेवाने एकदम सहा दिवस शी केली नाही. आम्ही धावत दवाखाना गाठला. डॉक्टर हसल्या. "आईच्या दुधावरच्या बाळाला दिवसातून आठ वेळा झाली तरी नॉर्मल, आठ दिवसांतून एकदा झाली तरी नॉर्मल. मऊ हवी. बाळ पितंय, खेळतंय, हसतंय ना? मग झालं तर."

वजन जरा कमी भरत होतं म्हणून त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा फॉर्म्युला, म्हणजे पावडरचं दूध, द्यायला सांगितलं. आणि बजावलं, "ज्या दिवशी हे द्याल, त्यानंतरची शी घट्ट होईल, रंग हिरवट-तपकिरी येईल, वास मारेल. घाबरायचं नाही. सहा महिने दुधाशिवाय दुसरं काहीही नाही. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही."

घरी येताच मी गुटीची सहाण फडक्यात बांधून फ्रिजच्या वर, डब्यांमागे ठेवून दिली. मम्मी बघत होत्या. "आमची पोरं गुटीवरच वाढली," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा." माझी जीभ तशी आधीपासूनच तिखट आहे, बाळंतपणात तिला आणखी धार आली होती.

रेवाला अडीच महिने होत आले, त्या आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी तिला पावडरचं दूध दिलं. सोमवारी तीनदा शी झाली. हिरवट, चिकट, वास असा की मालिशवाल्या सुमनमावशींनी पदर नाकाला लावला. पळस्प्याहून येणाऱ्या मावशींनी निम्म्या पनवेलची पोरं न्हाऊ घातली असतील. त्या म्हणाल्या, "डबा बाधला हिला." मम्मीही म्हणाल्या, "बाधलाच." मी डॉक्टरांचं वाक्य ऐकवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या, हीच मला माझी जीत वाटली.

मंगळवारपासून शी बंद झाली. मी वहीत शून्य लिहिलं. आठ दिवसांपर्यंत नॉर्मल, असं स्वतःला बजावलं.

मंगळवारीच दुपारी चारच्या सुमारास मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर सहाण होती. ओली. मला वाटलं, मम्मींनी देवासाठी चंदन उगाळलं असेल. पुसून पुन्हा वर ठेवली.

बुधवारी घरात वास येऊ लागला. गोड, उबदार. आधी काही केल्या आठवेना कशाचा, मग आठवलं. श्रीखंडाचा. आमच्या घरी श्रीखंड केलेलं नव्हतं. मी फ्रिज बघितला, कचऱ्याचा डबा बघितला, खिडकीशी उभी राहिले. आमची इमारत नवीन. मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन अजून कुलूपबंद. वास दुसरीकडून येण्याची सोयच नव्हती. शेवटी मी रेवाला उचलून घेतलं, तर वास तिच्या तोंडाला येत होता.

तेव्हाच मी आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. मला वाटलं, भासच असेल. तेव्हा माझी सलग दोन तास झोपही होत नव्हती. नळ बंद असताना पाणी वाहिल्यासारखं वाटायचं. रेवा शेजारी झोपलेली असताना दुसऱ्या खोलीतून तिचं रडणं ऐकू यायचं, आणि मी उठून तिकडे जायची.

खरं म्हणजे त्या आठवड्यात ती रडतच नव्हती. दूध ओढता ओढता मध्येच थांबायची. डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी बघितल्यासारखे. मी दोनदा वळून पाहिलं. मागे भिंत होती.

गुरुवारी मावशी सकाळीच काम आटोपून गेल्या. दुपारी मम्मी खाली वाण्याकडे गेल्या, जाताना बाहेरून लॅच ओढून घेतलं. घरात मी आणि रेवा. मी तिला मांडीवर घेऊन पलंगाला टेकले होते. जाग आली तेव्हा ती पलंगावर, उशांच्या मध्ये नीट ठेवलेली होती. मी ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सहाण होती. तिच्या कडेवरून पाण्याचा ओघळ अजून खाली उतरत होता.

मी दार तपासलं. लॅच लागलेलं होतं. न्हाणीघर, बाल्कनी, कपाटामागे, सगळीकडे पाहिलं. मग रेवाला छातीशी धरून मी दाराला पाठ लावून बसले, मम्मी परत येईपर्यंत. पाऊण तास. मी देवधर्माच्या बाबतीत जेमतेम, भुताखेतांवर तर विश्वासच नाही. तरी त्या पाऊण तासात मी रामरक्षा जेवढी आठवली तेवढी म्हटली.

मम्मींना काही सांगितलं नाही. काय सांगणार? संध्याकाळी त्यांनी आपणहून मीठ-मोहऱ्यांनी रेवाची दृष्ट काढली. एरवी मी टोमणा मारला असता. त्या दिवशी गुपचूप बाळ पुढे केलं.

शनिवारी सकाळी प्रसाद आला. बूट काढता काढता त्याने तिला हाक मारली. मग वाकून पाहिलं. म्हणाला, "ही इतकी शांत कधीपासून आहे गं?"

मी वही पुढे केली. "पाच दिवस झाले शी नाही. पण आठ दिवसांपर्यंत नॉर्मल असतं."

"मी शीचं विचारत नाहीये," तो म्हणाला.

दहा मिनिटांत आम्ही गाडीत होतो, वहीसकट.

दवाखान्यात भराभर गोष्टी झाल्या. टाचेला सुई टोचून साखर पाहिली. थायरॉइडसाठी रक्त घेतलं, कारण थायरॉइड कमी असलं तरी बाळ मंद होतं आणि पोट साफ होत नाही. पोटाची सोनोग्राफी झाली, आतड्यात अडथळा नाही ना ते बघायला. सुई टोचली तेव्हाही रेवा फक्त कण्हली. मी भिंतीवरच्या कार्टूनच्या हत्तीकडे बघत राहिले. तो हत्ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

अडथळा नव्हता. साखर किंचित कमी होती. तेव्हा डॉक्टर रेवाच्या तोंडाशी वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "जायफळ."

मग तो सुरुवातीला लिहिलेला प्रश्न आला. झोपेचं काय देताय?

मम्मींनी खाली मान घालून सांगितलं, "सकाळी दोन वेढे. सोमवारी हगवण लागली वाटली, म्हनून. जायफलानं पोट बांधतं." वेढा म्हणजे सहाणेवर एकदा गोल उगाळणं. प्रसादने मावशींना फोन लावला. त्याही म्हणाल्या, "न्हाऊ घातल्यावर दोनच वेढे देते, झोप लागायला. माझ्या बटव्यातलं. ताई नको म्हनल्या होत्या, म्हनून बोलले नाय."

म्हणजे दोघी देत होत्या. एकीचं दुसरीला माहीत नव्हतं, कारण माझ्या धाकाने दोघीही लपवत होत्या.

डॉक्टर म्हणाल्या, "जायफळात गुंगी आणणारं द्रव्य असतं. एवढ्या जिवाला दोन वेढेही जास्त. आणि आतडंही मंदावतं. हिची सोमवारची शी नॉर्मल होती. तिच्यावर औषधच नको होतं."

रेवाला भरती करून घेतलं. पायाला सलाइन, छातीला मॉनिटरच्या तारा. बाहेरच्या बाकड्यावर मम्मी माझ्या शेजारी येऊन बसल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "यापुढे माझ्या मुलीला हात लावायचा नाही." मोठ्याने. बाकड्यावरच्या बाकीच्या आया ऐकत होत्या. मम्मींनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

तासाभराने डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. त्यांच्यासमोर माझी वही उघडी होती.

"हे अक्षर कुणाचं?"

मंगळवारच्या पानावर, दूध आणि सू यांच्या मधे, लिहिलं होतं: ३.१० गुटी, जायफळ २ वेढे. झोपली. बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा. माझा तिरका तीन, माझा शेपटीवाला झ. त्या पानांवर मी रोज फक्त शेवटचा, शीचा रकाना बघत आले होते.

मी हात पुढे केला तो पान नीट बघायला. उजव्या हाताचं पहिलं बोट तपकिरी होतं. मी ते नाकाशी नेलं.

श्रीखंड.

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून नाही, वहीकडे बघून बोलल्या, बहुधा मला सोपं जावं म्हणून. "याला ऑटोमॅटिक बिहेवियर म्हणतात. झोप फार तुटली की माणूस सवयीची कामं झोपेतच करतो. बोलतो, लिहितो, आणि नंतर आठवत नाही. गुटी उगाळायची सवय तुम्हाला कुठून?"

मला एकदम आमचं जुनं स्वयंपाकघर दिसलं. मी आठ वर्षांची, भाऊ तान्हा. आई उगाळायची आणि मी शेजारी बसून मोजायची. एक वेढा. दोन वेढे. पुरे.

बाहेर आले. मम्मींच्या पायाशी, फरशीवरच बसले. वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं. तिसरी मी होते. गुरुवारी मी घरभर जिला शोधत होते, ती मीच होते.

त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बुधवारी मी पायलं ना तुला उगाळताना. मागं उभी व्हते. तू वळलीस, माज्याकडं बघून हसलीस. बोललीस, 'आई, दोनच वेढे ना?' चार वर्सांत पयल्यांदा आई म्हनालीस गो. मला वाटलं, तू मला मानलंस. म्हनून मी पन देत रायले. आता डाक्तरसमोर तुजं नाव कशाला घेऊ?"

मला तिथे रडू आलं, पण त्याआधी अंगावर काटा आला. कारण मी कुणाकडे बघून हसले होते, ते मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी रेवा रडली. घसा फोडून, पाय झाडून, सलाइनची पट्टी उचकटेपर्यंत. नर्स धावत आली आणि आम्हाला हसताना बघून चक्रावली. दुपारी तिने शी केली. कपडे, चादर, प्रसादचा शर्ट, सगळं भरलं. मऊ, पिवळी. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला. सोमवारी घरी सोडलं.

ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांना सांगते. अधूनमधून डब्याचं दूध घेणाऱ्या बाळाची शी आज एक, उद्या दुसरी दिसते, त्याने घाबरू नका. खड्यासारखी कडक, पांढरी, काळी किंवा रक्ताची शी, फुगून टणक झालेलं पोट, हिरवी उलटी, ताप, दूध सोडणं, हे दिसलं तर वाट बघू नका. आणि बाळ फार गुणी झालं, अजिबात रडत नाही, असं कुणी कौतुकाने म्हणालं तर आधी त्याला जागं करून बघा. मी शी मोजत बसले आणि मुलीकडे बघायचं राहिलं.

दुसरं, आईला झोपू द्या. मला डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं, आणि रोज सलग पाच तास झोप लिहून दिली, औषध लिहून द्यावं तशी. त्या पाच तासांत रेवा तिच्या आजीजवळ असते. हात लावायचा नाही म्हणणारी मी, आता स्वतः नेऊन देते. वहीत आता दोन अक्षरं असतात, माझं आणि त्यांचं मोठं, कष्टाने काढलेलं. घरात कुणी कुणापासून काही लपवायचं नाही, हा नियम आहे, आणि मी ओरडायचं नाही, हा त्याच्या आधीचा नियम.

त्यांना मी आई म्हणते, आता जागेपणी.

जायफळ घरातून गेलं. सहाण ठेवली आहे, ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. येता-जाता मी तिच्यावरून बोट फिरवते. कोरडी असते. तरी बोट नाकाशी नेऊन बघते, रोज, आणि मगच रेवाला उचलते.