वेणूनं विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. देवाजवळसुद्धा नाही. त्याला ठाऊक असेलच, मग कशाला बोलायचं, अशी स्वतःची समजूत घातली आणि हात जोडून गप्प उभी राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जीभ सुटेल असं वाटतं. बघू या.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी नंदुरबारला मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा गेला तेव्हा मला संसार म्हणजे काय तेही कळत नव्हतं. पुढे वडिलांनी पुण्याला ठेवून ट्रेनिंग करवलं आणि नोकरी लागली ती इतक्या लांब, खानदेशात. गावातल्या काही वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक सहकारी मंडळी काढली होती. स्टेशनच्या अलीकडे त्यांनी कौलारू घरांची एक ओळ बांधली — दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परसू, सगळ्यांत मिळून एक विहीर. ही घरं विकायची नव्हती, नोकरदार माणसांना भाड्यानं द्यायची होती. त्यातलं एक मला मिळालं. एकट्या बाईला घर द्यावं की नाही यावर मंडळीत म्हणे बराच खल झाला, पण शाळेची बाई म्हणून दिलं.

घर घेताना मी सेक्रेटरींना — ते वकील होते, वकीलसाहेबच म्हणत सगळे — एकच गोष्ट विचारली होती. म्हटलं, उद्या माझी आई किंवा भाऊ-भावजय माझ्याकडे राहायला आली, तर चालेल का? ते हसून म्हणाले, "जवळचं माणूस खुशाल ठेवा, बाई. आम्हाला एकदा कळवा म्हणजे झालं. परक्याला खोली भाड्यानं दिलीत तर मात्र घर काढून घेऊ."

कोणी आलं नाही. आई आधीच थकली होती, तिला भावानं पाठवलं नाही, आणि भावजयीला माझ्या हातचं पाणीसुद्धा नको होतं. पण नियम मला ठाऊक होता. एवढं ध्यानात ठेवा — मला ठाऊक होता.

हळूहळू त्या ओळीतली माणसं मंडळीबद्दल काही विचारायचं झालं की माझ्याकडे येऊ लागली. वकीलसाहेबांच्या ओट्यावर चढायची त्यांना भीती वाटे. कौल फुटलं तर आपण बदलायचं की मंडळीनं? परसात शेळी बांधली तर चालेल का? नोकरी सुटली तर दुसऱ्या दिवशी सामान बाहेर टाकतात का? नवरा मेला तर घर बायकोच्या नावावर राहतं का? मी जे माहीत असेल ते सांगे, नसेल ते विचारून येऊन सांगे. खरं सांगू? मला ते आवडायचं. कोणीतरी दार वाजवतंय, बाई आहात का म्हणतंय — दिवसभरात शाळेबाहेर माझ्याशी बोलणारं तेवढंच. लोक प्रश्न घेऊन येत, उत्तर घेऊन जात. बसत कोणी नसे.

वेणू बसली.

ती शेजारच्या घरात राहायची. नवरा नथ्थू जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्तरी होता, कापसाच्या हंगामात त्याचा पाय घरात टिकत नसे. पदरात एक लहान मुलगी, सुमन. पहिल्यांदा आली ती भिंतीला खुंटी ठोकू का विचारायला, आणि ओट्यावर बसून डाळ निवडूनच गेली. मग रोज येऊ लागली. मी वह्या तपासत असायची, ती बोलत असायची — अहिराणीत, भरभर, मला अर्धं कळे. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन यायची, मी नको म्हटलं की रागवायची. सुमन माझ्या मांडीवर झोपून जायची. एकदा माझं डोकं फार दुखत होतं, तर न विचारता वेणू माझ्या मागे बसली आणि केसांना तेल चोळू लागली.

तुम्हाला हे कसं समजावू? इतक्या वर्षांत माझ्या डोक्यावरून कोणाचा हात फिरला नव्हता. मी वह्या पुढे धरून बसले, अक्षरं दिसेनात. त्यानंतर दर रविवारी ती तेलाची वाटी घेऊन यायची. आणि मी सोमवारपासून रविवारची वाट बघायला लागायची. वयानं ती माझ्याहून लहान, चार बुकं न शिकलेली — आणि मी तिच्या पावलांचा आवाज ओळखू लागले होते.

आखाजीला वेणू माहेरी तळोद्याला गेली. सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी जातातच इकडे. आमच्या आळीत झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि मी दार लोटून आत बसले होते. नथ्थू जिनावर. शेजारचं घर बंद. ते दिवस मी कसे काढले ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. शाळेला सुट्टी. दिवसभरात तोंडातून एक शब्द निघायचा नाही. संध्याकाळी उगाच विहिरीवर जायची, कोणी बोलावं म्हणून.

ती आली तेव्हा मी शेवया करून ठेवल्या होत्या. तिनं हातसुद्धा लावला नाही. ओट्यावर बसली आणि रडायलाच लागली. तिची आई — बाप लहानपणीच गेलेला — चुलत्याच्या घराच्या मागच्या खोलीत एकटी राहत होती. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. चुलतभाऊ तिच्याकडे बघत नव्हते. चाचपडत चूल पेटवायची, हात भाजून घ्यायची.

"बाई, मन्ही मायले आठे आनी लेऊ का?" वेणू म्हणाली. "मंडळीवाला काही म्हणतीन का? तुमले नियम माहीत शेतस."

आता इथं मी थांबते. कारण इथं पोचले की माझं मन नेहमी दुसरीकडे पळतं. त्या शेवयांकडे, सुमनच्या परकराकडे — कशाकडेही.

त्या क्षणी मला काय दिसलं? तिची आंधळी आई दिसली का? नाही. मला वेणूचं घर दिसलं, त्यात कोपऱ्यात एक म्हातारी, तिला भरवणारी वेणू, तिला न्हाऊ घालणारी वेणू, तिच्या डोक्याला तेल लावणारी वेणू. आणि शेजारी माझा ओटा, रिकामा. आल्यापासून ती एकदाही मला कशा आहात म्हणाली नव्हती. माझ्या शेवया गार झाल्या होत्या. एवढंच. एवढ्यावरून.

मी म्हटलं, "नाही गं. नियमात बसत नाही. नवरा, बायको, मुलं — मंडळी तेवढ्यालाच कुटुंब धरते. बाकी कोणी ठेवलं तर घर काढून घेतात."

वर्गात गणिताचं उत्तर सांगावं तशा आवाजात म्हटलं. आवाज हललासुद्धा नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर — नाही, तेही कमी नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी नथ्थू आला, टोपी हातात घेऊन. भला माणूस. सासूसाठी खोलीत आडोसा करायला लाकडी पट्ट्यासुद्धा बघून आला होता. "बाई, मी सोता वकीलसाहेबले इचारी येऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही जाऊ नका, उगाच त्यांच्या डोळ्यांवर याल, उद्या घरावर बेतेल. मीच विचारते.

मी गेलेच नाही. वकीलसाहेबांचं घर शाळेच्या वाटेवर होतं. मी त्यांच्या दारावरून गेले, ते ओट्यावर बसले होते, नमस्कारही केला. आणि घरी येऊन सांगितलं, विचारलं, नाही म्हणाले.

वेणूनं माझे हात धरले. माझ्यासाठी तुम्ही शब्द टाकलात, म्हणाली. त्या रविवारी ती तेलाची वाटी घेऊन आली. मी तिच्यापुढे पाठ करून बसले.

पावसाळ्यात तापीला पूर आला. तळोद्याची वाट नदीपलीकडून, आणि पूर आला की नाव बंद. त्याच दिवसांत तिची आई मागच्या दारी पाणी आणायला गेली आणि घसरून पडली. बराच वेळ चिखलात तशीच पडून होती म्हणे. ताप भरला. निरोप निघाला तो अलीकडे यायलाच उशीर झाला, आणि आला तेव्हा जायला वाट नव्हती. वेणू आणि नथ्थू नदीच्या काठावर जाऊन बसले, नावाड्याच्या पाया पडले. पाणी उतरल्यावर पलीकडे गेले, तोवर सगळं उरकलं होतं.

परत आल्यावर वेणू माझ्याकडेच आली. दुसरीकडे कुठे जाणार? माझ्या कुशीत तोंड घालून सांगत राहिली. शेजारणीनं तिला सांगितलं होतं, म्हातारी तापात लेक आली का एवढंच विचारत होती, "वेणू उनी का?" पायरव झाला की, "वेणू उनी का?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हा सांगायचं होतं ना? तेव्हा नाही तर केव्हा? मी फक्त म्हणत राहिले, रडू नको, रडू नको.

पुढच्या उन्हाळ्यात टोकाच्या घरातल्या कारकुनानं आपल्या म्हाताऱ्या बापाला आणलं. उघडउघड. बाज बाहेर टाकलेली, म्हातारा उन्हाला बसलेला, वकीलसाहेब जाता-येता त्याची विचारपूस करत. वेणूनं ते पाहिलं. मी दोन दिवस तिला टाळलं. मग ती आलीच. माझ्याकडे बघत नव्हती, अंगणाकडे बघत होती.

"बाई, नियम बदलना का?"

"हो," मी म्हटलं. "हल्लीच बदलला."

ती अंगणाकडेच बघत राहिली. मला वाटलं, कळलं हिला. आणि — हेही सांगते — क्षणभर बरं वाटलं. मग तिनं डोळे पुसले. "मन्ही मायनं नशीबच खोटं," म्हणाली. "तुम्ही तरी काय करशात."

तिला शंकासुद्धा आली नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता. आणि मी तिला तिच्या आईचं नशीब खोटं ठरवू दिलं.

पुढे नथ्थूला शहाद्याच्या जिनात काम लागलं आणि ती निघून गेली. जाताना वाकून पाया पडली, सुमनलाही पडायला लावलं. शेजारच्या घरात दुसरी माणसं आली. तीही प्रश्न विचारायला यायची. मी म्हणायची, वकीलसाहेबांकडे जा, ते रागवत नाहीत. एकालाही मी पुन्हा उत्तर दिलं नाही. ते काही प्रायश्चित्त नव्हतं, मला भीती वाटायची.

लढाई आली, गेली. ज्याच्यासाठी मी एवढं केलं ते मला किती लाभलं? जेमतेम दोन वर्षं. त्यानंतर मी बरीच वर्षं त्या दोन खोल्यांत एकटी राहिले. कधी कधी संध्याकाळी भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या की अजून वेणूच आहे असं वाटे.

शेवटी मला मुदतीच्या तापानं गाठलं. शाळेतली शिपाईण सकाळी येऊन पेज करून द्यायची, दुपारनंतर मी आणि छत. भावाला पत्र गेलं होतं, उत्तर आलं नाही. ताप उतरला पण पायांत जोर राहिला नाही. आणि एके दिवशी दारात सर्व्हिस मोटारीच्या धुळीनं माखलेली बाई उभी. केस पिकायला लागलेले. जिनातल्या कोणी माणसानं नथ्थूला माझ्या आजाराचं सांगितलं होतं. तिनं पदर खोचला, मला बसवलं, अंग पुसलं. मग मला शहाद्याला न्यायचं म्हणाली, "तुमले लई जासू. मायले आनता उनं नही मले. आते मन्हं सोतानं घर शे. तठे कोनले इचारनं पडत नही."

इथं तरी सांगायचं. शब्द ओठांशी आले होते, शपथेवर सांगते. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की मी बोलले तर ती उठून जाईल, आणि मी पुन्हा त्या छताखाली एकटी राहीन. पहिल्या वेळी जे कारण होतं तेच. मी म्हटलं, "चल."

घर मंडळीला परत केलं. किल्ली द्यायला नथ्थूच गेला. वकीलसाहेब तोवर फार थकले होते. नथ्थू त्यांच्याशी काय बोलतो या धास्तीनं मी मोटारीत बसून घामानं भिजले. तो काही बोलला नाही. त्याच्या मनातही ते कधी आलं नव्हतं.

आता मी शहाद्याला असते. वेणूच्या घरात, आतल्या खोलीत, खिडकीजवळ. मला चालता येत नाही. ती मला न्हाऊ घालते, जेवू घालते, रविवारी डोक्याला तेल लावते. सुमनचं लग्न झालं, ती आखाजीला माहेरी येते आणि तिची मुलं मला आजी म्हणतात. घर माणसांनी भरलेलं आहे. त्या भरल्या घरात मला ओळखणारं एकही माणूस नाही.

काल एक नवी शेजारीण आली होती. दारातून माझ्याकडे बघून तिनं वेणूला विचारलं, ह्या कोण?

"मन्ही माय शे," वेणू म्हणाली.

शेजारणीनं माझ्याकडे पाहून हात जोडले. मी पण जोडले.