मायसमोर वाचलेलं मृत्युपत्र

“मॅडमला म्हणावं, मोठ्यानं वाचू नका. मायसमोर मरणाचा शब्द नको.”

केबिनच्या पडद्याबाहेर कोणीतरी आमच्या कारकून काकांना हळूच सांगत होतं. मला ते ऐकून बरंच वाटलं. मोठ्याने वाचणं मला तसंही जमत नाही.

गंगाखेडला कोर्टासमोर माझ्या सीनियरचं ऑफिस आहे. ते नोटरी आहेत, मी त्यांची ज्युनियर. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठी दस्तऐवज मनातल्या मनात नीट वाचते, पण चार माणसांपुढे जोडाक्षर आलं की अडखळते आणि आवाज खाली आणते. त्या दिवशी सरांच्या केसचा पुकारा झाला. जाताना ते म्हणाले, “मृत्युपत्र आहे. वाचून घ्या, समजावून सांगा. मी आल्यावर अंगठा घेऊ.”

नोटरीचं काम सोपं करून सांगायचं तर, सही करणारा माणूस खरंच तोच आहे आणि त्याने ती आपल्यासमोर केली, याची खात्री करून शिक्का मारणं. मृत्युपत्राला नोटरी सक्तीची नाही. स्टॅम्प पेपरही लागत नाही. लागतात दोन साक्षीदार, सही किंवा अंगठा होताना पाहणारे. पण लाल शिक्का नसेल तर आमच्याकडे कागद कोणाला पक्का वाटत नाही. म्हणून लोक येतात. आणि माणूस अंगठा देणारा असेल तर सरांचा नियम आहे, आधी पूर्ण वाचून दाखवायचं.

कलावतीबाई सोनपेठकडच्या. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्म. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने थोडं. सोबत मुलगा मन्मथअप्पा, त्यांचं किराणा दुकान आहे. मागे मुलगी सुरेखाताई, पदराला टोचलेल्या दोन टाचण्या तशाच. नवरा वारल्यावर त्या माहेरी आल्या. आईच्या घरात समोरच्या खोलीत शिवणयंत्र चालवतात. घर आजींच्या स्वतःच्या नावावर.

मी वाचायला लागले. हळू आवाजात. आजी प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या. गट नंबरलाही हलवली, चतुःसीमेलाही हलवली. ही मान मला ओळखीची आहे. कोर्टात मोठे वकील भराभर बोलायला लागले की मीही अशीच हलवते.

सर सांगतात, पक्षकाराला “समजलं का?” असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. प्रश्न विचारावा.

मी खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला घेतली. “आजी, समोरची खोली कोणाला दिलीय?”

“सुरेखाला,” त्या लगेच म्हणाल्या. “तिची मशीन हाय न तिथं.”

कागदात लिहिलं होतं, सर्व मिळकत मुलास. सुरेखाताईंचं नाव एकाच ठिकाणी होतं, साक्षीदार म्हणून.

मी मन्मथअप्पांकडे पाहिलं. ते खाली पाहायला लागले.

“काकाची वसियत झाली होती न, तिच्यावरून उतरवून घेतलं,” ते म्हणाले. “टायपिंगवाल्यानं नावं तेवढी बदलली. मायला कसं इचारावं, तू गेल्यावर कोनाला काय म्हनून? आन् सुरेखाला कोन काढायलंय घराबाहेर?”

“तुम्ही नाही काढणार,” मी म्हणाले. पुढचं बोलले नाही. ते त्यांना समजलं. त्यांना दोन मुलं आहेत, उद्या घर त्या मुलांचं.

कारकून काका आत डोकावले. “मॅडम, बाहेर लय लोकं थांबलेत. कागदात काय लिहिलंय ते आपलं काम हाय का?”

तेवढ्यात सर आले. शिक्क्याचा डबा उघडत म्हणाले, “झालं वाचून?”

सुरेखाताई पदराची टाचणी काढायच्या आणि परत लावायच्या. त्या काहीच बोलणार नव्हत्या. माहेरी परतलेली बहीण भावापुढे असं कधी बोलत नाही.

“वाचून झालं, सर,” मी म्हणाले. “पण आजी वेगळं सांगतायत.”

सरांनी डबा बंद केला. कागद वाचला, आजींना तोच प्रश्न त्यांनीही विचारला. उत्तरही तेच आलं. मग मन्मथअप्पांना म्हणाले, “अप्पा, दुकानात गिऱ्हाईकाला न विचारता दुसऱ्याची यादी बांधून देता का?”

मन्मथअप्पा पहिल्यांदा हसले. “चुकलंच, वकीलसाब. लिहा मायच्या मनासारखं.”

मग नवा ड्राफ्ट झाला. आजींनी सांगितलं, मी टाइप केलं. साक्षीदारही बदलले. “जिला मिळणार तिचीच साक्ष कशाला? उद्या कोणी बोट ठेवायला नको,” सर म्हणाले. आजींच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर कोर्टात आले होते. ते आणि त्यांच्यासोबतचे गृहस्थ तयार झाले.

फॉरमॅटमध्ये शेवटी एक ओळ तयारच असते, ‘वाचून दाखवले, समजले, मान्य आहे’. ती खरी आहे का, हे फॉरमॅटला माहीत नसतं. तेवढं काम माणसाला करावं लागतं.

आता वाचायचं होतं. केबिनमध्ये आठ-नऊ माणसं, पडदा उघडा. आजींच्या उजव्या बाजूने मन्मथअप्पा म्हणाले, “तो शब्द जरा हळू घ्या, मॅडम.”

आजींनी उजवा कान माझ्याकडे केला. “हळू कामून? मरायचं मला हाय, घाबरायलेत हेच! वाच पोरी. सुरेखालाबी ऐकू जाऊ दे.”

मी उभी राहिले. बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात वाचलं, “माझ्या मृत्यूनंतर समोरची खोली माझी मुलगी सुरेखा हिची राहील.”