मागच्या सात दिवसांत काय शिजलं?

आमच्या सर्व्हेचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते फॉर्मला चिकटूनच येतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर लोक काय खातात, कशावर जगतात, हे टॅबमध्ये भरायचं आमचं काम. ज्या घरांचे मार्क सगळ्यात कमी, त्यांना संस्था दहा-दहा कोंबड्या पाळायला देणार होती. म्हणजे कोणाला मिळणार ते आमच्या टिकवर ठरणार. आणि फॉर्म बनवणारे सर बसलेत पुण्यात, एसीत!

*

पहिल्याच दिवशी भातसानगरच्या पुढच्या पाड्यावर घोळ. घरात किती तांदूळ शिजतो ते तोलायला आम्हाला काटा दिला होता. मी तो ओट्यावर ठेवून आत पाणी प्यायला गेलो. बाहेर येतो तर पिशव्या घेऊन रांग! रेशन नाही, रेशन नाही, असं सांगून माझा घसा बसला.

"मंग काटा कशाला आणला रं?" रांगेतली म्हातारी म्हणाली. 

*

मग भाज्या. फॉर्मच्या यादीत ब्रोकोली आहे, मशरूम आहे. शेवळं नाहीत, भारंगी नाही, कुर्डू नाही. एका बाईंच्या घरी आठवड्यात नऊ रानभाज्या झाल्या होत्या. मी सरांना फोन लावला.

"'इतर'मध्ये टाका."

"नऊच्या नऊ?"

"हो, पण 'इतर' एकदाच मोजतो."

सगळं रान पालथं घालून आणलेल्या नऊ भाज्या, मार्क एक! डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, पण भिंत कुडाची होती.

*

माझी जोडीदार मनीषा आसनगावची. तिचे प्रश्न संपल्यावर एका काकूंनी उलट विचारलं, "तू काय खाल्लंस गो काल?"

मनीषाने गमतीत स्वतःचाच फॉर्म भरला. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, संध्याकाळी परत वडापाव. टॅबवर लाल अक्षरं आली, 'आहार निकृष्ट'. काकूंनी तिच्यापुढे भाकर-भाजी ठेवली.

"आदी खा. मंग लिव आमचं."

*

टोकावड्याच्या वरच्या वाडीत यमुनाबाई दोन मुलींना घेऊन राहतात. कोंबड्या मिळाल्या तर पहिल्या त्यांनाच मिळायला हव्यात, असं सगळी वाडी सांगत होती. सोमवारी मी फक्त नावं लिहायला गेलो, तर त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात कोंबडीचा रस्सा होता. मी आलो तेव्हा अंगणात फिरणारी एकुलती एक कोंबडी आता दिसत नाही, हे मला हात धुताना कळलं.

गुरुवारी खरा फॉर्म घेऊन गेलो.

"मागच्या सात दिवसांत घरात मटण-चिकन शिजलं?"

"सोमवारी नाय का."

"ते राहू द्या, बाई."

"का म्हून? तुमीच खाल्लं नं? लिवा. खोटं कशाला सांगू?"

कोणी खाल्लं, हा प्रश्नच फॉर्ममध्ये नाही. मी बाहेर येऊन सरांशी भांडलो. पाहुण्यासाठी कापली सर, एकच होती. सर म्हणाले, अपवाद केले की डेटा बिघडतो. मी 'हो'वर टिक केलं. स्वतःचीच लाज वाटली.

यादी आली, त्यात यमुनाबाईंचं नाव नव्हतं. सांगायला मीच गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चुलीत लाकूड सारलं.

"बसा भाऊ, जेवून जा," त्या म्हणाल्या. "आता कोंबडी नाय हां. डाळभातच हाय."