समजा, एखादी शाळा आहे

सरकारी तिजोरी म्हणजे आपल्या आईच्या दागिन्यांचा डबा आहे, अशा मायेने तिच्यावर नजर ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बरोब्बर आमच्या डोक्यावर राहत होता. आम्ही त्यांना वरचे काका म्हणत असू. दिल्लीतल्या सरकारी शाळांना दर वर्षी किती पैसे द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि मुख्य म्हणजे कशासाठी द्यायचे नाहीत, हे ज्या कचेरीत ठरे तिथे ते बसत. मंत्री घोषणा करत, वर्तमानपत्रं मथळे छापत, आणि शेवटी तो सगळा उत्साह फायलीत बांधला जाऊन काकांच्या टेबलावर येई. तिथे काका चष्मा पुसत, पेन्सिलीला टोक करत आणि पहिला शेरा लिहीत: "हे कशासाठी?"

कचेरीतला हा माणूस संध्याकाळी घरी येताना तिथेच राहून गेला असता, तर काकूंचं आयुष्य सुखाचं झालं असतं. पण तो तसाच्या तसा जिना चढून वर येई. घरखर्चाचे त्यांनी 'हेड' पाडले होते. दुधाचं हेड वेगळं, भाजीचं वेगळं, औषधांचं वेगळं, आणि एका हेडातला पैसा दुसऱ्यात घालायचा तर सबळ कारण हवं. काकूंनी एकदा भाजीच्या पैशातून पडद्याचं कापड आणलं, तेव्हा काकांनी आवाज चढवला नाही. ते नुसते पडद्याकडे बघत म्हणाले, "अच्छा. म्हणजे आता आपण हे खायचे." काकूंची बहीण न कळवता आठ दिवस राहायला आली, तेव्हा त्यांनी तिचं हसतमुखाने स्वागत केलं आणि आत जाऊन काकूंना सांगितलं, की ही पुरवणी मागणी आहे, मंजूर करावीच लागते. बहिणीने ते ऐकलं. पुढच्या वेळी तिने महिनाभर आधी पत्र टाकलं, आणि काकांना त्या पत्राचा इतका आनंद झाला की ते स्वतः तिला आणायला स्टेशनवर गेले.

रविवारी लोक मटण आणत, नातेवाइकांकडे जात, लोकरीचे स्वेटर उन्हात टाकत. काका सायकल काढून शाळा बघायला जात. ज्या शाळेला त्यांच्या सहीने पैसे गेले असतील तिच्या फाटकापाशी उभं राहून वर्गाच्या खिडक्यांतून आत डोकावायचं, हा त्यांचा छंद. काकू सांगत, "लोक मुलगी बघायला जातात, हे शाळा बघायला जातात. आणि खोट काढायची घाई दोन्हीकडे तेवढीच!" फरीदाबादला आमच्या मामेबहिणीच्या बारशाला सगळे गेलो होतो, तेव्हा ऐन नाव ठेवायच्या वेळी काका गायब. शोधाशोध झाली. शेवटी ते रस्त्यापलीकडच्या एका शाळेत सापडले. चौकीदाराने त्यांना मोठा साहेब समजून सगळे वर्ग उघडले होते आणि काका त्याला एकेक पंखा सुरू करायला लावत होते. "अहो, हे हरियाणात येतं, तुमचा काय संबंध?" असं माझे वडील म्हणाले. काका वर बघतच उत्तरले, "संबंध काही नाही हो. पण फिरतायत सगळे, बघा तरी!" त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो बाळाचं तोंड बघताना काही दिसला नाही.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण एका वर्षी ह्याच माणसाचा मला मनापासून राग आला होता. मी दहावीत होते. आमच्या मुलींच्या सरकारी शाळेत अकरावीला विज्ञान नव्हतं, कारण प्रयोगशाळाच नव्हती. एक रिकामी खोली होती आणि तिच्यात मोडके बाक ठेवलेले होते. विज्ञान घ्यायचं तर दोन बस बदलून लांबच्या शाळेत जावं लागे, आणि त्याला वडिलांची बिलकुल तयारी नव्हती. "आर्ट्स घे, काही बिघडत नाही," असं ते म्हणत. बिघडत होतं ते माझं. मला केमिस्ट्री शिकायची होती आणि त्यापुढचं काही दिसतच नव्हतं. त्या वर्षी सरकारने शाळा सुधारायचं मनावर घेतलं आणि प्रयोगशाळांसाठी पैसे निघाले. मात्र एकतीस मार्चच्या आत मंजुरी मिळाली नाही, तर ते परत जाणार होते. माझी आई त्याच शाळेत गणित शिकवायची. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रस्ताव लिहायचं काम तिच्यावर सोपवलं, आणि तो कुणाच्या टेबलावर जाणार हे कळल्यावर आमच्या घरात दिवाळी झाली.

शाळांमध्ये तेव्हा एक रीत होती. सरकार निम्मंच देतं, म्हणून दुप्पट मागायचं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "डबल लिख दो, बहनजी, कटना तो है ही." आईने रीतीप्रमाणे विज्ञान घेऊ पाहणाऱ्या वीस मुलींसाठी चाळीस ब्युरेट, म्हणजे द्राव मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या लिहिल्या, त्या उभ्या धरायला चाळीस स्टँड लिहिले, टेबलंही दुप्पट मागितली. प्रस्ताव दहा दिवसांत परत आला. काकांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता: "मुली वीस, ब्युरेट चाळीस. प्रत्येक मुलगी दोन्ही हातांनी प्रयोग करणार आहे काय?" आई लाल झाली. तिने त्याच रागात बसल्या बैठकीला दिसेल तो आकडा निम्मा केला, काही आकडे तर दोनदा निम्मे केले, आणि प्रस्ताव पुन्हा पाठवला. तोही परत आला. "ब्युरेट वीस, स्टँड दहा. उरलेल्या दहा ब्युरेट कोण धरून बसणार?"

"हा माणूस आपला आहे की सरकारचा?" आईने विचारलं. वरच्या मजल्यावर जाणारी आमटीची वाटी त्या दिवसापासून बंद झाली. वडील जिन्यात काकांना बघून चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकू लागले. फेब्रुवारी संपत आला होता. मी कॉटवर पालथी पडून रडले आणि आर्ट्सची पुस्तकं कुणाकडे मिळतील ह्याची चौकशीही करून आले. काकूंनी म्हणे वर काकांना विचारलं, "एक सही केलीत तर काय जाईल?" त्यावर ते म्हणाले होते, "पलीकडच्या वस्तीतली शाळा तंबूत भरते. वहिनींनी फुकट मागितलेल्या वीस ब्युरेटच्या पैशात त्या तंबूचं एक टोक आहे." काकूंनी हे खाली येऊन आम्हाला सांगितलं. आईने मान खाली घातली.

पुढच्याच रविवारी सकाळी आम्ही क्वार्टर्समधल्या हिरवळीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. काका आले, आमच्याकडे पाठ करून खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र उघडलं. आईने त्यांच्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. जरा वेळाने वर्तमानपत्राच्या आडून आवाज आला.

"समजा, एखादी शाळा आहे."

आम्ही मटार सोलत राहिलो.

"मी कुठल्या शाळेबद्दल बोलत नाही. कुठल्याही फाइलीबद्दल बोलत नाही. नुसतं समजा. मुली वीस. आता एका वेळी प्रयोगाला दहाच उभ्या राहतात. तर लागतील किती?"

आईचा हात शेंगेवर थांबला. तिने मला कोपराने ढोसलं. "पेन्सिल आण, पळ."

मी पेन्सिल आणली, मटार ज्या कागदी पिशवीतून आले होते ती फाडून सरळ केली आणि लिहू लागले. काकांनी पानं उलटत उलटत पाऊण तास त्या एखाद्या शाळेची गोष्ट सांगितली. काचसामान फुटतं, म्हणून थोडं जास्त मागावं आणि फुटतं म्हणून मागतो असंच लिहावं. तराजू स्वस्तातला मागू नये, तो दोन वर्षांत खोटं बोलायला लागतो. खोली आधीपासून आहे हे पहिल्याच ओळीत यावं, कारण बांधकाम नको म्हटलं की अर्धी लढाई जिंकली. आणि विज्ञान नाही म्हणून दर वर्षी किती मुली शाळा सोडतात, हे शेवटी लिहून चालणार नाही, ते वरच आलं पाहिजे. मध्ये आईने न राहवून विचारलं, "भावजी, आणि प्रयोगांसाठीचं टेबल?" काका दचकले. "वहिनी, मी पेपर वाचतोय," असं कडक आवाजात म्हणाले, पान उलटलं आणि पुढे म्हणाले, "समजा, त्या शाळेला टेबलंही हवी आहेत."

तिसरा प्रस्ताव मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर झाला. त्यातला एकही आकडा कापलेला नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंचा विश्वासच बसेना. त्यांच्या सगळ्या नोकरीत मागितलं तेवढं मिळाल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आई त्याच संध्याकाळी आमटी घेऊन वर गेली. एक वाटी नाही, पातेलंच घेऊन गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गवतात गुंडाळलेलं काचसामान खोक्यांतून आलं, आणि जुलैत मी अकरावी विज्ञानाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले. पुढे केमिस्ट्रीतच शिकले, त्यातच नोकरी केली, त्यावरच घर चालवलं.

गेल्या वर्षी काकांना भेटायला द्वारकेला त्यांच्या मुलाच्या घरी गेले. काकू आता नाहीत. काका फार थकले आहेत, बोलताना मधेच धागा सुटतो. इतक्या वर्षांत जे नीट म्हटलं नव्हतं ते मी म्हणून टाकलं, की काका, मी जी काही झाले ती तुमच्यामुळे झाले. त्यांना अवघडल्यासारखं झालं. "छे, पैसे सरकारचे होते," असं पुटपुटले. मग मात्र त्यांचे डोळे एकदम जागे झाले.

"त्या खोलीत पाणी येत होतं का गं? नळाची लाइन बांधकामवाल्यांकडे होती. ते हेड माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना दोनदा लिहिलं होतं."

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण ह्या माणसाशी खोटं कसं बोलणार?

"नव्हतं येत, काका. आम्ही खालच्या नळावरून बादल्या भरून न्यायचो. दोन्ही वर्षं. पण एकही प्रयोग चुकला नाही."

"मग मला सांगितलं का नाहीत? मी अजून सहा वर्षं होतो त्या खुर्चीवर."

मिळालं त्यात आम्ही इतके खूश होतो, की वरच्या मजल्यावर आपला माणूस बसला आहे, त्याच्याकडे पुन्हा काही मागता येईल, हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. काका खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, ते विसरले असतील.

मग त्यांनी हळूच विचारलं, "जड व्हायची का गं बादली?"