खाज्याचा पाक आणि माझा डावा हात

माझा उजवा हात माझा आणि डावा दुकानाचा, असं मी तेव्हा म्हणायचे. घाटकोपरला खोट्या दागिन्यांच्या दुकानात मी बांगड्यांच्या काउंटरला होते. गिऱ्हाईकाच्या हातात माल द्यायचा नाही, घाम लागला की पॉलिश काळं पडतं, असा तिथला नियम. मग बांगडी दाखवायची स्वतःच्या डाव्या हातात घालून. मनगट काचेवर ठेवायचं आणि दिव्याखाली हळूहळू फिरवायचं.

तिथवर पोचायला मला बरेच महिने लागले होते. आठवीतून शाळा सुटलेली, गाव मालवणच्या पलीकडे, इथे दूरच्या मामा-मामींच्या दोन खोल्यांत राहायला. आधी मी दुकानाच्या मागच्या खोलीत डब्या भरायचे. पुढची मुलगी बाळंतपणाला गेली तेव्हा मालकीणबाईंनी मला पुढे उभं केलं. त्यांना आम्ही सगळ्या भाभी म्हणायचो. रोज सकाळी शटर वर गेलं की मला वाटायचं, आज कोणीतरी म्हणणार, अगं चुकून झालं ते, जा मागे.

आणि एका शनिवारी एक बाई म्हणालीच. मागे जा असं नाही म्हणाली. म्हणाली, "बांगडी मस्त आहे गं, पण हातावर जंगल केवढं ते!"

तिच्याबरोबरच्या दोघी हसल्या. भाभींनी ऐकलं. संध्याकाळी शटर ओढताना त्या म्हणाल्या, "देख, मंगळवारी नवरीवाले येणार आहेत. पूर्ण सेट घेतील. हाताचं काहीतरी कर हां. नाहीतर त्या दिवशी पॅकिंगला बस, पुढे मी बघते."

त्या एका दिवसाचं बोलल्या होत्या. मी मात्र तेवढ्यात मनातल्या मनात मागच्या खोलीत जाऊन, तिथून गावाला जाऊन, आमच्या अंगणात ट्रंक ठेवूनसुद्धा आले.

पार्लरमध्ये जायचं माझ्या मनातच आलं नाही. त्या काचेच्या दाराला ढकलायचं असतं की ओढायचं, इथूनच माझी भीती सुरू व्हायची. पण फोनवर एक जाहिरात सारखी यायची. एक गोरी मुलगी हाताला मधासारखं काहीतरी लावते, वर कापडाची पट्टी दाबते, केसांसकट सर्रकन ओढते आणि हसते. दुखत नाही, डाग नाही, घरच्या घरी. मी मागवलं. सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, दुपारी डबी दारात आली. मामा कामावर, मामी मासळी आणायला गेलेली. म्हटलं, ती यायच्या आत उरकू.

आतला कागद इंग्रजीत, अक्षरं मोहरीएवढी. एक चित्र होतं, डबी एका पेटीसारख्या ओव्हनमध्ये ठेवलेली. आमच्याकडे कुठला ओव्हन? मी झाकण काढलं तर वास साखर-लिंबाचा. बोट बुडवून दोन बोटांत तार ओढून पाहिली.

आणि इथे माझी वाट लागली. कारण जगात मला खात्रीनं कळणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे पाक.

गावाला आमचं जत्रेत खाज्याचं दुकान असायचं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या की झालं खाजं. पाक कच्चा राहिला तर खाजं ओलं पडतं, कांडीला धरत नाही. आई मला कढईपाशी बसवायची, "पाण्यात थेंब टाकून बघ" म्हणायची. शाळेत मी नापास झाले असेन, पाकात कधी नाही.

तर मी त्या डबीतल्या मालाची परीक्षा घेतली आणि निकाल दिला, कच्चा आहे. हा केसांना धरणारच नाही. एवढी मोठी कंपनी, पण पाक काही जमला नाही त्यांना!

मामीच्या दुधाच्या पातेलीत ओतला, मंद गॅसवर ठेवला, ढवळत राहिले. थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला, काढून वाटीवर आपटला. टक्! असा आवाज आला की आईच्या तोंडावर समाधान यायचं, तेच माझ्या तोंडावर आलं. हाताला सोसेल इतका निवू दिला आणि चमच्याच्या पाठीनं मनगटापासून कोपरापर्यंत लावला. वर पट्ट्या दाबल्या. जाहिरातीतली मुलगी लगेच ओढते, पण खाजं कोणी लगेच उचलतं का? नीट सुकू द्यायला नको? मी पंखा पाचवर केला आणि खाली बसून राहिले.

मग ओढलं. पट्टी आली नाही, हातच आला. पुन्हा ओढलं, मी सगळीच पुढे आले. बोटानं वाजवून पाहिलं तर टकटक वाजत होतं, दार वाजावं तसं. नखानं एक कपची उडाली, तिच्याबरोबर रुपयाएवढी जागा साफ झाली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मामी आली. मी हात पुढे धरून बसलेली, पातेली काळी, आणि ओट्यावरून मुंग्यांची रांग माझ्याकडे निघालेली.

"अगो बाय माझे, ह्या काय करून ठेवलंस?"

मी रडत सगळं सांगितलं. भाभी, नवरी, जंगल, पाक. मामीनं पिशवी खाली ठेवली, वाटीतला थेंब उचलून दिव्याकडे धरून पाहिला.

"पाक बरो जमलो हा," ती म्हणाली. "पण ह्या खाजा न्हय गो, ह्यो तुझो हात आसा!"

"मामी, आता हा निघणारच नाही. मला कापायला लागेल."

"काय कापतलंस? हात? गप बस. पातेली करपली की मी काय करतंय? पाणी घालून ठेवतंय. साखर ती, पाण्यात वितळतली नाय तर जातली खंय?"

तिनं बादलीत कोमट पाणी भरलं आणि माझा हात त्यात बुडवला. स्वतः शेजारी पाट घेऊन बांगडे साफ करायला बसली. मध्येच पाणी बदलायची, माझा तळवा दाबून धरून एक कपची सोडवायची, "ह्या बांगड्यापेक्षा तुझो हात साफ करूक जास्त वेळ लागलो" म्हणायची आणि स्वतःच हसायची. पातेलीतही तिनं पाणी घालून ठेवलं. संध्याकाळी खोबरेल चोळून तिनं हात परत दिला. लालभडक, चिकट, आणि मध्ये मध्ये टक्कल. आधी जंगल होतं, आता अर्धवट तोडलेलं जंगल.

मंगळवारी मी लांब बाह्यांचा कुर्ता घालून गेले. भाभी गल्ल्यावर. नवरी आली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू. सासूनं बोट ठेवलं, "त्या मोत्यांच्या दाखव."

डावी बाही वर करायची हिंमत होईना. बांगडी हातात, सगळ्या माझ्याकडे बघतायत. भीतीनं माणूस काय करेल सांगता येत नाही. मी नवरीला म्हटलं, "ताई, तुमच्याच हातात घालून बघूया का?"

भाभींनी मान वर केली. नियम मोडला होता. पण नवरीनं हात पुढे केला होता. मामीनं आदल्या दिवशी माझा तळवा जसा दाबून धरला होता तसाच मी तिचा धरला आणि बांगड्या सरकवल्या. त्या गडबडीत माझी बाही वर गेली. नवरीनं पाहिलं आणि खाली वाकून हळूच विचारलं, "घरी केलंस?"

"हो."

"माझं गुरुवारी आहे पार्लरला," ती म्हणाली, आणि स्वतःची बाही जराशी वर केली. जंगलच होतं.

आम्ही दोघी फिसकन हसलो. सासूला वाटलं बांगड्या आवडल्या. तिनं चार डझन काढायला सांगितल्या. नवरी हातातल्या उतरवेचना.

त्या गेल्यावर भाभी काउंटरपाशी आल्या. मी मागच्या खोलीच्या दाराकडे बघत उभी. त्यांनी माझी बाही वर करून हात नीट बघितला.

"आजपासून गिऱ्हाईकाच्या हातात घालायच्या," त्या म्हणाल्या. "आधी तिचा हात पुसून घे. आणि सुन, स्वतःच्या हाताला काही लावू नको."

मी ड्रॉवरमधून मऊ फडकं काढलं आणि घडी करून काचेवर ठेवलं. घरी जाताना मामीसाठी नवी पातेली घेतली. ती अजून दुधालाच आहे. मला गॅसपाशी बघितलं की मामी ती उचलून वरच्या फळीवर ठेवते.